सरकार बंद, पगार बंद, भांडण चालू: तडजोडीला ४३ दिवस का लागतात?

कोषागारकाका | १३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून अमेरिकेत, व्हर्जिनियात मुलाकडे मुक्काम आहे. राज्य सरकारच्या कोषागारात चौतीस वर्षं बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे सरकारी पैशाचा विषय निघाला की कान टवकारतातच.

१ ऑक्टोबरला सकाळी सून (ती इथे फेडरल खात्यात आहे) चहाचा कप घेऊन म्हणाली, "बाबा, मला फर्लो मिळाला." मी दचकलोच. आपल्याकडे फर्लो येरवड्यातल्या माणसाला मिळतो! मग कळलं की इथे फर्लो म्हणजे सक्तीची बिनपगारी रजा. संसदेनं खर्चाला मंजुरी दिली नाही म्हणून सरकारच घरी बसलंय, याला इथे शटडाऊन म्हणतात.

काल रात्री एकदाची सही झाली. सेनेटमध्ये ६०-४०, प्रतिनिधीगृहात २२२-२०९, आणि ४३ दिवसांनी दार उघडलं. त्यांच्या इतिहासातला सगळ्यात लांब बंद. बरं, मिळालं काय? तर ३० जानेवारीपर्यंतची मुदत! ज्या आरोग्यविम्याच्या अनुदानासाठी (डेमोक्रॅटांची मागणी) सगळं अडलं होतं ते मिळालंच नाही, डिसेंबरात त्यावर मतदान घेऊ एवढा शब्द मिळाला.

आमच्याकडे ३१ मार्चच्या रात्री कितीही रणकंदन झालं तरी १ एप्रिलला ऑफिस उघडायचं. माझा प्रश्न साधा आहे. शेवटी जी तडजोड झाली ती पहिल्या दिवशी का होऊ शकली नाही? जाणकारांनी सांगावं. राजकीय शिमगा नको.

आगाऊ_कार्टा | १३ नोव्हेंबर

"राजकीय शिमगा नको" असं लिहिलेल्या धाग्यावर होळी आधी पेटते. खुर्ची टाकून बसलोय.

पोटोमॅककाठची | १३ नोव्हेंबर

काका, तुमच्या सुनेला निदान मागचा पगार मिळेल. २०१९ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे (तरी ऑक्टोबरात व्हाइट हाउसनं "बघू" असा सूर लावून सगळ्यांची झोप उडवली होती). मी कंत्राटदार कंपनीत आहे. काम तेच, इमारत तीच, बसायची जागासुद्धा शेजारी. पण आमच्या हातात 'काम थांबवा'चं पत्र, आणि त्या ४३ दिवसांचा एक डॉलरही परत येणार नाही. आमच्या कंपनीनं पहिले दोन आठवडे साठलेल्या रजा वापरायला लावल्या, त्यानंतर बिनपगारी. यंदा भारतवारी रद्द, कारण रजाच उरली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सेनेटमध्ये खर्चाचं बिल पुढे न्यायला ६० मतं लागतात. रिपब्लिकन ५३, त्यातला एक (रँड पॉल) विरोधात. म्हणजे समोरच्या बाजूचे (डेमोक्रॅट गटातले) आठ हवेतच. हाउसनं (म्हणजे प्रतिनिधीगृहानं) १९ सप्टेंबरला तात्पुरतं बिल पास करून पाठवलं, ते सेनेटमध्ये चौदा वेळा आपटलं. पंधराव्या वेळी आठ जण आले. पहिल्या दिवशी तीन होते. बाकीचे पाच यायला ४० दिवस लागले, एवढाच हिशेब आहे.

ह्यूस्टनकर | १३ नोव्हेंबर

हिशेब बरोबर, पण मग सरळ म्हणा ना कोणी अडवलं ते. बिल 'स्वच्छ' होतं. जुन्याच दरानं २१ नोव्हेंबरपर्यंत खर्च चालू ठेवा, एवढीच मागणी. त्यात मेक्सिको सीमेवरची भिंत नाही, कपात नाही. विम्याचं अनुदान ३१ डिसेंबरला संपणार होतं, त्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोलता आलं असतं. ४ कोटी २० लाख लोकांचं धान्य-अनुदान लटकवून कसली बोलणी? मी दोन्हीकडे मतं दिलेला माणूस आहे, तेव्हा लगेच कुठल्या पक्षाची टोपी घालू नका.

पोटोमॅककाठची | १३ नोव्हेंबर

@ह्यूस्टनकर, टोपी नाही घालत. पण धान्याचं लटकणं दोन्ही बाजूंच्या नावावर आहे. ते चालवणाऱ्या कृषी खात्याकडे साडेचार अब्ज डॉलरच्या वरचा आपत्कालीन निधी पडून होता आणि तो वापरा म्हणून न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि 'स्वच्छ' बिलाचं म्हणाल तर विश्वासाचं काय? यंदा जुलैत काय झालं आठवा. दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर केलेल्या खर्चातले ९ अब्ज डॉलर सत्ताधाऱ्यांनी नंतर साध्या बहुमतानं रद्द केले. त्यात सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज गेले. ऑगस्टअखेरीस परदेशी मदतीतले आणखी ४.९ अब्ज तर वर्ष संपता संपता खिशातच ठेवले, मतदानसुद्धा नाही. म्हणजे करार करायला ६० मतं आणि मोडायला ५१. घर घेताना विसार द्यायचा आणि विकणाऱ्यानं नंतर एक खोली कमी करायची, मग पुढच्या वेळी कोण विसार देईल?

कोषागारकाका | १३ नोव्हेंबर

हे मला माहीत नव्हतं. मंजूर तरतूद परत घेणे हा प्रकार आमच्याकडेही होतो. अर्थसंकल्पात शंभर रुपये दाखवायचे आणि वितरण साठच करायचं. पण तो वित्त विभागाचा कारभार, विरोधी पक्षाची सही घेऊन केलेला नसतो, त्यामुळे फसवलं असं कोणी म्हणत नाही. ठेकेदार म्हणतात, पण ते वर्षभर म्हणतच असतात.

धोंडोपंत | १४ नोव्हेंबर

या सगळ्यावरून एकच दिसतं, आपली पद्धत श्रेष्ठ. सरकारच्या मागण्या लोकसभेनं फेटाळल्या तर सरकारच पडतं, कारकुनाचा पगार पडत नाही. वर ११६ व्या कलमाखाली लेखानुदान (अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची आगाऊ परवानगी) आहे. राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांवर अडवता येत नाही. जगातली सर्वात जुनी लोकशाही म्हणे!

आगाऊ_कार्टा | १४ नोव्हेंबर

पंत, आमच्या तालुक्याच्या ऑफिसात बारा महिने शटडाऊन असतो. पगार तेवढा चालू राहतो.

चिकित्सक | १४ नोव्हेंबर

पंत, अर्धं मान्य. पण बंद न पडण्याची किंमतही बघा. मार्च २०२३ मध्ये लोकसभेनं जवळपास ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेशिवाय, गोंधळात, काही मिनिटांत मंजूर केला. गिलोटिन लावलं की उरलेल्या सगळ्या मागण्या एका झटक्यात पास. अमेरिकेत निदान कोणीतरी बिल वाचतं आणि "हे नको" म्हणून अडून बसतं. आपल्याकडे अडता येत नाही म्हणून वाचायचंही बंद झालंय.

एक उदाहरण मात्र आपल्या बाजूचं देतो. १७ एप्रिल १९९९, वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. अर्थसंकल्प तेव्हा अधांतरी. पण ज्यांनी सरकार पाडलं त्यांच्याच संमतीनं त्याच लोकसभेनं त्याच सरकारचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला, आणि २६ एप्रिलला सभागृह विसर्जित झालं. दहा दिवसांच्या आत दोन्ही. भांडण खुर्चीचं होतं, तिजोरीला कोणी हात लावला नाही.

माईणमुळा | १४ नोव्हेंबर

१९९९ चं हे विसरूनच गेले होते. मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर | १४ नोव्हेंबर

थोडा इतिहास, कारण "अमेरिकेत असंच असतं" हा गैरसमज आहे. असं नेहमी नव्हतं.

मंजुरीशिवाय खर्च करू नये असा त्यांचा कायदा १८८४ पासूनचा. तरी १९७० च्या दशकात अनेकदा मुदत संपून गेली आणि खाती चालूच राहिली. काटकसर करायची, प्रवास थांबवायचे, पैसे येतीलच म्हणून काम करायचं. मग १९८० मध्ये कार्टर यांचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायदा शब्दशः वाचला आणि मत दिलं की मंजुरी नाही तर काम बंद. १९८१ मध्ये त्यात जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद स्पष्ट केला. म्हणून आजही विमानतळावरचा माणूस बिनपगारी कामावर येतो आणि संग्रहालयातला घरी बसतो. संसदेनं शटडाऊन असा काही ठरवून आणलेला नाही, एका वकिलाच्या अभिप्रायातून हे अवतरलं.

दुसरं असं की १९७४ च्या कायद्यानं आर्थिक वर्ष जुलैऐवजी ऑक्टोबरपासून केलं, का तर संसदेला तीन महिने जास्त मिळावेत. एकूण १२ खर्चाची बिलं (पूर्वी १३ होती) वेळेत पास करायची. या पन्नासेक वर्षांत ते फक्त चार वेळा जमलंय, शेवटचं १९९६ च्या सप्टेंबरात. यंदाच्या तडजोडीतही बारापैकी तीनच बिलं वर्षभरासाठी झाली: शेती, लष्करी बांधकाम व माजी सैनिक, आणि तिसरं स्वतः संसदेचं. बाकी नऊ ३० जानेवारीच्या खुंटीला.

आगाऊ_कार्टा | १४ नोव्हेंबर

स्वतःचं बिल वर्षभराचं करून घेतलं, हे वाचून डोळे पाणावले.

सातबारा | १४ नोव्हेंबर

त्यांचा पगार बंद होतो का मग? खासदारांचा?

बोरूबहाद्दर | १४ नोव्हेंबर

नाही. तो संविधानानं बांधलेला आहे, मध्येच कमी करता येत नाही. काही जण "मी घेत नाही" असं पत्र देतात, फोटो काढतात.

संपकऱ्याचा_मुलगा | १५ नोव्हेंबर

विषयांतर करतोय, पण राहवलं नाही. १९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला होता. आमचे वडील त्यात होते. महागाई भत्त्यासाठी. मी तेव्हा दुसरीत. घरातलं दूध बंद होऊन काळा चहा सुरू झाला, आणि वाण्यानं वही कधी मागितली नाही, हे दोन्ही लख्ख आठवतं. आई अजून त्या वाण्याच्या मुलाकडूनच किराणा भरते.

फरक एवढाच की वडील आपण होऊन बाहेर पडले होते, निर्णय त्यांचा होता. इथे काकांच्या सूनबाईंना कोणी विचारलंच नाही. आणि गंमत बघा: १९ सप्टेंबर ते १२ नोव्हेंबर हाउसची बैठक मतदानासाठी भरलीच नाही. मोजा, ५४ दिवस! म्हणजे खरा संप त्यांनीच केला, तोही भरपगारी.

कोषागारकाका | १५ नोव्हेंबर

तुमच्या वडिलांना नमस्कार. मी त्या संपानंतर नोकरीला लागलो. आमचे साहेब पुढे वर्षानुवर्षं कोण आत होता आणि कोण बाहेर होता हे नाव घेऊन सांगायचे. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला तेव्हा मी निवृत्त, पण गेटवर जाऊन बसलो होतो.

रांगेतला | १५ नोव्हेंबर

आमच्यासारख्यांची व्यथा कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. एच-१बी वाल्यांना वाटतं आपला काय संबंध, इमिग्रेशन खातं फीवर चालतं, ते चालूच राहतं. पण अर्जाआधी कामगार खात्याचा दाखला लागतो आणि कामगार खातं संसदेच्या पैशावर. १ ऑक्टोबरला त्यांची वेबसाइटच बंद. माझी नवी नोकरी ठरलेली, राजीनामा टाइप करून ठेवलेला, आणि दाखला निघेना. महिनाअखेरीस शटडाऊन चालू असतानाच ती साइट उघडली, नशीब. तेवढ्या दिवसांत जुन्या मॅनेजरशी इतकं गोड वागलो की त्याला संशय आला.

धोंडोपंत | १५ नोव्हेंबर

म्हणजे कर्जमर्यादा संपल्यामुळे हे होतं ना? दोन वर्षांपूर्वीही अमेरिका दिवाळखोर होणार असं वाचलं होतं.

बोरूबहाद्दर | १५ नोव्हेंबर

नाही पंत, ती वेगळी बया. शटडाऊन म्हणजे पुढचा खर्च करायला परवानगी नाही. कर्जमर्यादा म्हणजे आधीच केलेल्या खर्चासाठी उसने घ्यायला परवानगी नाही. पहिल्यात वाणी वही बंद करतो, दुसऱ्यात बँक घरावर येते. २०२३ च्या मेअखेरीस बायडन आणि सभापती मॅकार्थी यांनी ती गोष्ट मिटवली, हाउसमध्ये ३१४-११७.

ह्यूस्टनकर | १६ नोव्हेंबर

आणि मॅकार्थीचं पुढे काय झालं तेही लिहा, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ३० सप्टेंबर २०२३, शटडाऊनला काही तास उरलेले. मॅकार्थीनं तात्पुरतं बिल डेमोक्रॅट मतांच्या जोरावर पास केलं, ३३५-९१. सरकार चालू राहिलं. ३ ऑक्टोबरला त्याच्याच पक्षातल्या आठ जणांनी त्याची खुर्ची काढून घेतली, २१६-२१०. सभापतीला असं हटवल्याचं ते पहिलंच उदाहरण. डेमोक्रॅटांनी त्याला वाचवलं नाही, हेही नोंदवा.

तडजोड केली, तीन दिवसांत घरी.

पोटोमॅककाठची | १६ नोव्हेंबर

इथे पूर्ण सहमत (तारीख लिहून ठेवा). आमच्या बाजूचं उदाहरण यंदाच्याच मार्चचं. सेनेटमधले डेमोक्रॅट नेते शूमर यांनी आणि आणखी नऊ जणांनी बिल अडवलं नाही, शटडाऊन टळला. त्यानंतर त्यांच्याच लोकांनी त्यांना इतकं धुतलं की पुस्तकाचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. ऑक्टोबरात तेच शूमर खांब होऊन उभे. मार्चमध्ये जे शिकवलं गेलं तेच त्यांनी ऑक्टोबरात केलं.

म्युनिकवाला | १६ नोव्हेंबर

युरोपातून दोन शब्द. जर्मनीत गेल्या वर्षी नोव्हेंबरात सरकार कोसळलं ते अर्थसंकल्पाच्याच वादावरून. यंदाचा अर्थसंकल्प पास व्हायला सप्टेंबर उजाडला. तरी एक दिवसही कचेरी बंद नाही. त्यांच्या घटनेचं १११ वं कलम सांगतं की अर्थसंकल्प नसेल तर चालू जबाबदाऱ्या, पगार, सुरू असलेली बांधकामं यांचा खर्च करत राहा, नवं काही काढू नका. बेल्जियममध्ये तर २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण सरकारच नव्हतं. दर महिन्याला मागच्या वर्षाच्या बाराव्या हिश्शाएवढा खर्च, अशी सोय आहे त्यांच्याकडे.

वाईट बाजू: मी महापालिकेच्या एका प्रकल्पावर होतो. नवं टेंडर नाही, नवी भरती नाही, वर्षभर नुसतं "आहे ते चालू द्या". कोणी ओरडत नाही, त्यामुळे कोणी सोडवतही नाही.

चिकित्सक | १६ नोव्हेंबर

अमेरिकेतही असा आपोआप चालू राहणारा तात्पुरता खर्च करावा म्हणून प्रस्ताव येत असतात. पास होत नाहीत, कारण मग अल्पमतातल्यांच्या हातात अडवायला काहीच राहत नाही. आज जो बहुमतात आहे त्याला उद्याची भीती असते.

सातबारा | १७ नोव्हेंबर

तडजोडीला वंगण लागतं राव. आमच्याकडे आमदार निधी आहे, पुरवणी मागण्या आहेत. विरोधी आमदारसुद्धा सभागृहात गर्जना करतो आणि संध्याकाळी मंत्र्याकडून रस्त्याचं काम मंजूर करून घेतो.

बोरूबहाद्दर | १७ नोव्हेंबर

@सातबारा, हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा पक्का आहे. तिकडे त्याला 'इअरमार्क' म्हणतात. माझ्या मतदारसंघातला पूल बिलात घाला, मी मत देतो. भ्रष्टाचाराच्या ओरडीमुळे २०११ मध्ये ते बंद केले, आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, हळूच परत आणले. मधल्या काळात २०१३ चा १६ दिवसांचा आणि २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाऊन झाला. सगळा दोष त्यालाच देत नाही. २०१८ ला भिंतीसाठी ५.७ अब्ज हवे होते आणि शेवटी १.३७५ मिळाले, तिथे पूल देऊन भागलं नसतं.

माईणमुळा | १७ नोव्हेंबर

आमच्या सोसायटीची सभा डोळ्यांसमोर आली. लिफ्टच्या वर्गणीवरून दोन गट, तीन महिने लिफ्ट बंद, आणि दोन्ही गटांचे पुढारी पहिल्या मजल्यावर राहणारे.

आगाऊ_कार्टा | १७ नोव्हेंबर

हा धागा इथेच बंद करावा. यापुढे कोणी यावर काही बोलू शकत नाही.

पोटोमॅककाठची | २० नोव्हेंबर

धागा वर काढतेय, कारण गंमत पुढेच आहे. त्या तडजोडीच्या बिलात, संसदेच्या स्वतःच्या भागात, एक कलम गुपचूप घातलं होतं. ज्या सेनेटरांचे फोनचे तपशील तपास यंत्रणांनी न कळवता मिळवले त्यांना सरकारवर दावा लावता येईल, प्रत्येक वेळेमागे ५ लाख डॉलर, तेही मागच्या तारखेपासून. बिल पास करायची घाई, म्हणून हाउसनं ते तसंच गिळलं. काल हाउसनं ते रद्द करायला मतदान घेतलं: ४२६ विरुद्ध ०.

४३ दिवस एकमेकांचं तोंड न बघणारे लोक शून्य विरोधानं एक झाले!

ह्यूस्टनकर | २० नोव्हेंबर

आता सेनेट ते घेईल का बघा. ज्यांना पाच लाख मिळायचे ते तिथेच बसलेत.

कोषागारकाका | २१ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस त्या आठ जणांची नावं घेऊन बसलो होतो. मुलाला विचारून एकेकाची मुदत लिहून काढली, जुनी सवय. कोर्टेझ मास्टो, फेटरमन आणि हॅसन यांची निवडणूक २०२८ ला. केन, किंग आणि रोझन यांची २०३० ला. डर्बिन आणि शाहीन या दोघांची पुढच्याच वर्षी आहे, पण ते निवृत्त होतायत. म्हणजे आठांपैकी एकालाही पुढच्या वर्षी मतं मागायला जायचं नाही! माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या कागदावर मिळालं. आमच्याकडे बरोबर उलटं असतं. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस कशावरच सही करत नाही, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल म्हणून.

पण त्यांनी रिकाम्या हातानं सही केली असंही नाही, हे सुनेनं लक्षात आणून दिलं. शटडाऊनच्या काळात ज्यांना नोकरीवरून काढलं होतं त्यांना परत घ्यायचं आणि ३० जानेवारीपर्यंत नव्यानं कोणाला काढायचं नाही, हे केन यांनी लिहून घेतलं. तिच्या मजल्यावरचे दोघे त्यात परत आले. ती स्वतः १३ तारखेपासून जातेय. पहिल्या दिवशी पासवर्ड मुदत संपून बंद झालेला होता, तो मिळवण्यात सकाळ गेली.

@पोटोमॅककाठची, तुम्ही जवळच राहता असं दिसतंय. एक दिवस जेवायला या. सून म्हणते तुमचं ऑफिस तिला ठाऊक आहे.

पोटोमॅककाठची | २१ नोव्हेंबर

नक्की येते काका. थँक्सगिव्हिंगनंतर. पुरणपोळी असेल तर आधीच.

आगाऊ_कार्टा | २१ नोव्हेंबर

काका, परतीचं तिकीट कधीचं?

कोषागारकाका | २१ नोव्हेंबर

३१ जानेवारी. बदलून घेतोय.